चाळीस घरांचा कान

“ह्यो बोलतोय बघ. आणि ह्यो नुसता वाजतोय.”

बावीस वर्षं झाली, पण अंतूकाकूंचा तो आवाज अजून माझ्या उजव्या कानापाशी आहे. लग्न होऊन हुपरीत आले त्याला आठवडाही झाला नव्हता. काकू समोरच्या घरातून आल्या, माझ्या पायातलं पैंजण न विचारता काढून घेतलं आणि त्यातली दोन घुंगरं एकेक करून माझ्या कानाशी हलवली. मला दोन्ही सारखीच वाटली. तसं म्हटलं तर त्या मोठ्यानं हसल्या.

“इचलकरंजीची न्हवं तू? मागाच्या खडखडाटात वाढलीस. कान उघडाय वरीस लागंल.”

आणि पैंजण परत माझ्या पायात अडकवता अडकवता गुणगुणल्या:

चांदीच्या गं कळीमंदी, इवलासा दाणा
सखी चालती दारात, सांगे मनीच्या खुणा

माझा कान उघडायला एक नाही, चार वर्षं लागली.

आमच्या गल्लीत अख्खं पैंजण कधी एका घरात होत नाही. एका घरी चांदी आटते, दुसऱ्या घरी तिची तार ओढली जाते. तिसऱ्या घरी घुंगराच्या इवल्या वाट्या ठोकतात, चौथ्या घरी आत दाणा टाकून त्या झाळून जोडतात. मग पट्टी, मग गुंफण, मग उजाळा. घरोघरी फिरत फिरत चांदीला पाय फुटतात. एका जोडाला एवढी दारं फिरावी लागतात की नव्या नवरीलासुद्धा लागत नसतील. काकूंचीच दुसरी ओवी आहे:

एक घर तार वढी, एक घर झाळ देई
चाळीस घरांचा नाद, एका पावलात येई

काकूंचं पूर्ण नाव अनंतमती उपाध्ये. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. झाळून आलेलं घुंगरू आधी त्यांच्या दारात जायचं. त्या ते कानाशी हलवायच्या, डावीकडच्या ताटात टाकायच्या की उजवीकडच्या, एवढाच त्यांचा उद्योग, पण गल्लीचं नाव त्यावर होतं. नाचाच्या शाळा मद्रासेकडून माणसं पाठवायच्या. डाव्या पायाचा आणि उजव्या पायाचा नाद एकमेकांना साद देतो असे जोड फक्त आमच्याकडे मिळतात, अशी ख्याती होती. बाकी पैंजणं तोवर कारखान्यातली यंत्रं मिनिटाला साठ काढू लागली होती. आमच्याकडे उरला होता तो नाद.

तो नाद काकूंबरोबर जाऊ नये म्हणून नऊ वर्षांपूर्वी मी ‘कान’ केला. माझी तंत्रनिकेतनाची पदविका लग्नानंतर ट्रंकेत पडून होती, ती अशी कामाला आली.

कान म्हणजे पानाच्या डब्याएवढी पेटी. वर छोटी घसरण, तिच्यावरून घुंगरू घरंगळत येऊन एका पातळ पत्र्यावर पडतं आणि नाद करतं. ऐकायला तो एकच नाद वाटतो, पण असतात अनेक. चांदीची जाडी एक सूर देते, फटीची रुंदी दुसरा, आतला दाणा तिसरा. झाळ कुठं केसाएवढी सुटली असेल तर त्या सगळ्यांच्या मागून एक खरखर येते. पेटीतला बारका संगणक हे सूर वेगळे करतो आणि त्यांचं एकमेकांशी असलेलं नातं बघतो. नातं जुळलं की हिरवा दिवा, बिघडलं की लाल. हे नातं त्याला शिकवलं काकूंनी. अकरा महिने त्या पेटीपुढं बसून एकेका घुंगराला हिरवी नाहीतर लाल कळ दाबत होत्या.

मग प्रत्येक घरात एक अशी पेटी बसवली. एकेचाळीस घरं, एकेचाळीस कान. रोज सूर्य मावळायच्या सुमारास या पेट्या एकमेकींशी बोलतात. दिवसभराचे आवाज पाठवत नाहीत, फक्त शिकलेलं सांगतात. आज माझं काय चुकलं, मी ते कसं सुधारलं, कुणाचा माल मला दोनदा ऐकावा लागला. गल्लीत याला निरोप म्हणतात. चांदी घरोघरी फिरते, तसा निरोपही प्रत्येक घरातून प्रत्येक घरात जातो. मधे कुणी मोठा नाही, कुणी मालक नाही. आणि एक नियम आम्ही सुरुवातीलाच पेट्यांना घालून दिला होता: माणूस म्हणेल ते खरं. पेटीचा दिवा लाल असला तरी घरच्या माणसानं हिरवी कळ दाबली की घुंगरू पुढं जाणार. काकूंचा कान डोळ्यांसमोर ठेवूनच तो नियम केला होता.

फेब्रुवारीत नोटीस आली.

आमच्या माडीवर सगळी घरं जमली. बाहुबली चौगुले, आटणीचं घर त्याचं, फोनवर वाचून दाखवत होता. “व्यावसायिक संगणकजाळ्यांवरील राज्य कर. संक्षेपात, जाळेकर.” त्यानं वर बघितलं. “हा जाळेकर कुठला पाहुणा, वैनी? कोकणातला का?”

“एक एप्रिलला येणारेय,” मी म्हटलं. “मुक्कामाला.”

माणसं हसली. मी फळ्यावर आकडे काढायला घेतल्यावर हसणं थांबलं.

कायदा करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता, हे मला आजही म्हणायचंय. त्या वर्षांत संगणकांची महाकाय गोदामं जागोजागी उभी राहिली होती. ती गावाएवढी वीज खात आणि धरणाएवढं पाणी पीत. त्यांच्याकडून काही वसूल व्हावं, हे रास्तच होतं. पण जाळं मोजायचं कसं? कुणीतरी सुचवलं, धागे मोजा. धंद्याची दोन यंत्रं आपसात बोलली की तो एक धागा. जेवढे धागे जास्त, तेवढं जाळं मोठं, तेवढा कर जास्त. पन्नासपर्यंत माफ.

कागदावर हे किती सरळ दिसतं! तीन घरं एकमेकांशी बोलली तर धागे तीन. चार घरं बोलली तर सहा. दहा घरांचे पंचेचाळीस. आणि एकेचाळीस घरं, प्रत्येक प्रत्येकाशी बोलणारं, म्हणजे आठशे वीस. उलट गोदामवाल्यांनी हजारो यंत्रं एका इमारतीत कोंबली, दारावर एकच पाटी लावली आणि सांगितलं, हे एकच यंत्र आहे. बाहेर जाणारे धागे तेवढे मोजा. हत्ती अडवायला घातलेल्या कुंपणातून हत्ती अंग चोरून निघून गेला आणि चिमण्या अडकल्या.

“आठशे वीस धागे,” बाहुबली म्हणाला. “म्हणजे सगळ्या गल्लीची वर्षाची मजुरी देऊन वर पैंजणं विकावी लागणार.”

“एक कलम आहे,” मी म्हटलं. “चौदावं. एकजीव जाळ्याचं.”

ते मी तीनदा वाचलं होतं. वेगवेगळ्या जागी ठेवलेली यंत्रं एकमेकांचं काम इतकी करत असतील की त्यातलं एक निकामी झालं तरी बाहेरच्याला पत्ता लागत नाही, तर ती सगळी मिळून एकच यंत्र समजावं. धागे शून्य. पण पुरावा हवा, आणि तोही चालू कामातला, किमान वर्षभराचा. मुद्दाम करून दाखवलेलं चालणार नाही.

“म्हणून विचारते. कुणाच्या घरचा कान वर्षभर निकामी होता आणि बाकीच्यांनी त्याच्या वाटचं ऐकून घेतलं, असं कधी झालंय का?”

सगळ्यांनी माना हलवल्या. “कसं व्हईल?” गुंफणवाले सरदारचाचा मुल्ला म्हणाले. “पेटी जरा कुरकुरली की तू दुसऱ्या दिवशी पान्हा घेऊन दारात.”

अंतूकाकू पहिल्या रांगेत खुर्चीवर होत्या. माझ्या तोंडाकडं एकटक बघत होत्या. मी विचारत होते ते खिडकीच्या उजेडाकडं तोंड करून. सवयीनं. माझा प्रश्न संपला तशी त्यांनी नजर खाली घेतली आणि आपल्या हातांकडं बघत बसल्या.

मला उत्तर ठाऊक होतं.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. थंडीचे दिवस, दुपारची वेळ. पेट्यांच्या देखभालीसाठी ठेवलेल्या माझ्या पडद्यावर दिसलं की काकूंच्या घरून चारशे बारा घुंगरं एकापाठोपाठ एक हिरवी आलीत. पेटीचा दिवा मधेमधे लाल, पण कळ दरवेळी हिरवी. चारशे बारात एकही लाल नाही, असं त्यांच्या हयातीत झालं नव्हतं. कळ अडकली असेल म्हणून मी पान्हा घेऊन गेले.

दार उघडं होतं. स्वयंपाकघरात कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या देत होता, शेजारी दूध उतू जाऊन शेगडी विझली होती. काकू दाराकडं पाठ करून बसल्या होत्या आणि तीच ओवी म्हणत होत्या, चाळीस घरांची. मोठ्यानं म्हणत होत्या आणि सूर घसरला होता. ज्या बाईनं अख्ख्या गल्लीला सूर दिला, तिचा.

“काकू.”

नाही.

“काकू! ओ काकू!”

मी आत जाऊन गॅस बंद केला. माझी सावली त्यांच्या ताटावर पडली तेव्हा त्या दचकून वळल्या.

“कवा आलीस?”

“आत्ताच,” मी म्हटलं.

तो ‘आत्ताच’ माझा पहिला लपवाछपवीचा शब्द. काकूंनी माझा चेहरा न्याहाळला. मग एक घुंगरू उचललं, नेहमीसारखं कानाशी धरलं, मान कलती करून हलवलं आणि हिरवी कळ दाबली. दाबताना नजर माझ्यावर होती. शाळेत फळ्यासमोर उभं केलेल्या मुलीची असते तशी.

“कळ बघायला आले होते,” मी म्हटलं. “चांगली आहे.”

पेटी खरंच चांगली होती.

मी ठरवलं होतं, त्या दिवशी मावळतीला काकूंचा शब्द निरोपातून गुपचूप वगळायचा. पडदा उघडला आणि हात थांबला. पेट्यांनी काहीतरी सुरू केलं होतं. शेजारच्या सहा घरांचे कान काकूंच्या घरून आलेलं घुंगरू दोनदा ऐकू लागले होते. अकरा दिवसांत ते एकेचाळीस घरांत पसरलं. काकूंची पेटी कुठं लाल म्हणाली होती आणि तिला न जुमानता हिरवं झालं होतं, ते पुढची पेटी टिपायची आणि पुन्हा ऐकायची. काकूंना कुणी खोटं पाडलं नाही. त्यांची हिरवी कळ हिरवीच राहिली. बिघडलेली घुंगरं मात्र पुढच्या दारी कुठंतरी बाजूला पडायची आणि फिरत फिरत माझ्या घरी येऊन बिस्किटाच्या डब्यात जमायची. हे मी त्यांना शिकवलं नव्हतं. फक्त प्रत्येकीला प्रत्येकीशी बोलायची मुभा दिली होती. मोठ्या घरात एखाद्याला दिसेनासं झालं की कुणाला सांगावं लागत नाही, वाटेतला पाट आपोआप उचलला जातो, तसं ते होतं.

दर शनिवारी सकाळी मी तो डबा बाहुबलीच्या भट्टीवर नेत असे.

“वैनी, एवढी नापास कुणाच्या घरची?”

“सगळ्यांची मिळून,” मी म्हणायची.

काकूंनी पुढं पुढं घुंगरू दातांना टेकवून पारखायला सुरुवात केली. दाताच्या हाडातून थोडं कळत असावं. दहातली सात बरोबर यायची. लोक म्हणायचे, काकूंची नवी रीत बघा, आता दातानं ऐकतात. त्या हसायच्या. आणि मी त्यांच्याशी बोलताना नकळत उजेडाकडं तोंड करून बसायला लागले, ओठ दिसावेत म्हणून. आम्ही दोघींनी या गोष्टीचा कधी एक शब्द काढला नाही.

म्हणजे पुरावा होता: पेटी धड असली तरी तिथला शेवटचा शब्द काकूंचा, म्हणून त्या घरचा कान निकामीच होता. तीन वर्षं आणि दोन महिन्यांचा, दिवसवार. तो मी दाखवला असता की गल्ली सुटली असती. आणि पंचवीस मैलांवरून सुना ज्यांच्या पाया पडायला येतात, ती बाई तीन वर्षं ऐकल्याचं नाटक करत होती, हे सरकारी कागदावर शिक्का मारून छापलं गेलं असतं.

मार्चमध्ये बाहुबली आला. बसला नाही, चौकटीला टेकून उभा राहिला.

“पुण्याची कंपनी तयार आहे. आपल्याकडं एकच थोरला कान ठेवणार, एमआयडीसीत. प्रत्येक घराचा धागा फक्त त्याच्याशी. आपसात बोलणं बंद. तीस घरं म्हणजे तीस धागे. कर माफ.”

“आपण एकेचाळीस आहोत.”

“तीसच घेणार.”

“आणि अकरा?”

त्यानं चौकटीचा रंग नखानं खरवडला. मग म्हणाला, “सरदारचाचांचं नाही. गुंफणीवाल्या सुरेखाचं नाही. ज्यांचा माल कमी, ती नाहीत. काकूंचं पण नाही, पण त्यांचा सत्कार करणार म्हणे. शाल, नारळ. थोरल्या यंत्राला नाव देणार, ‘अनंतमती’. त्यांचा फोटो लावणार भिंतीवर.”

मी मनात तो फोटो बघितला. हार घातलेला, घुंगरू कानाशी धरलेला. काकूंचं गुपित त्या काचेमागं कायमचं सुरक्षित राहिलं असतं.

“आणि आपला नाद?”

“एकच ठेवणार. सरासरीचा. वेगवेगळे जोड परवडत नाहीत म्हणे.” तो चिडला. “माझ्याकडं असं बघू नका वैनी. मी काय खुशीनं सांगतोय? तुमच्याकडं पुरावा असेल तर काढा. नाहीतर एकतीस मार्चला तीसजणांचा अर्ज मला द्यावा लागणार.”

“तुझं घर आहे तीसात?”

“आहे,” तो म्हणाला. “म्हणून तर तुमच्या दारात बसवत नाही.”

सुनावणी सव्वीस मार्चला कोल्हापुरात होती. आदल्या दिवशी मी काकूंकडं गेले. त्या मुगाची डाळ निवडत होत्या. मी खिडकीसमोरचा पाट ओढून घेतला.

“उद्या जायचंय तुम्हांस्नी?” त्यांनी विचारलं.

“हो. महिन्याभरापूर्वी बाहुबलीची पेटी दहा दिवस बंद ठेवून बघितली. बाकीच्यांनी निभावलं. तेवढंच दाखवणार.”

“त्या कलमात वरीस म्हंत्यात न्हवं?”

त्यांच्या लक्षात होतं. मी मान डोलावली.

“आणि वर्साचा पुरावा असून कुणी दिलाच न्हाई तर?”

त्यांच्या बोटांत डाळीतला खडा होता. तो त्यांनी टाकला नाही, तसाच धरून ठेवला. मला वाटलं, आता बोलतील. त्यांनाही वाटलं असेल, आता मी बोलेन. बाहेर कुणीतरी पत्र्यावर ठोकत होतं, एकाच लयीत.

“पुरावा नाहीच आहे काकू,” मी म्हटलं. हळू, एकेक शब्द सुटा करून, नीट दिसेल असा.

त्या माझ्या ओठांकडं बघत राहिल्या. ओठ थांबले तरी बघत राहिल्या.

“बरं,” त्या म्हणाल्या. “उद्या मी पण येते.”

“तुम्ही कशाला? दगदग होईल.”

“गल्लीची सुनावणी, आणि मी घरात डाळ निवडत बसू?” त्या हसल्या, पण डोळे हसले नाहीत. “येते म्हटलं की येते.”

कोल्हापूरच्या कार्यालयात तिसऱ्या मजल्यावर आम्ही बारा-तेरा जण बसलो. करनिर्धारण अधिकारी धुमाळ मॅडम चाळिशीच्या असतील, चष्मा केसांत खोचलेला, समोर चहा निवत चाललेला. त्यांनी मला मधे न तोडता सगळं ऐकलं. निरोप कसा जातो ते विचारलं. आणलेला जोड हातात घेऊन वाजवला, पुन्हा वाजवला, आणि काही वेळ खाली ठेवला नाही.

“मला तुमचं पटतं हो,” त्या म्हणाल्या. “हा कायदा तुमच्यासाठी नव्हता, हेही कळतं. पण पटण्यावर सही करता येत नाही ना. तुमचे दहा दिवस मुद्दाम केलेले आहेत. कलम म्हणतं वर्षभर, आणि आपोआप. एक उदाहरण द्या. चाळीस नकोत, एकच द्या. एक कान वर्षभर निकामी होता आणि तुमच्या ग्राहकाला कळलं नाही. आत्ता सही करते, इथं, तुमच्यासमोर.”

माझ्या पिशवीत सगळ्या नोंदींचा टॅब होता. माझा हात पिशवीच्या चेनवर गेला. डोळ्यांपुढून सरदारचाचा गेले, सुरेखा गेली, तिची गुंफणीची सुई. मग तो चेहरा आला, दुपारच्या वेळी दचकून वळलेला, हिरवी कळ दाबताना माझ्याकडं बघणारा. हात चेनवरून निघाला.

“असं उदाहरण नाही मॅडम.”

धुमाळ मॅडमनी चष्मा केसांतून काढून नाकावर लावला. कागद पुढं ओढला. “मग नाइलाज आहे.”

बाहुबली उठला. त्याच्या हातात तीस घरांचा अर्ज होता. “मॅडम, आमचा पर्यायी...”

तेवढ्यात काकू उठल्या. कुणी काय बोललं हे त्यांना कळलं असेल असं नाही, पण मॅडमच्या ओठांवरचं ‘एकच द्या’ त्यांनी वाचलं होतं, आणि माझी मान हललेली बघितली होती. त्या टेबलापाशी गेल्या. कमरेच्या पिशवीतून दोन घुंगरं काढली आणि मॅडमच्या चहाच्या बशीशेजारी ठेवली.

“हलवा,” त्या म्हणाल्या. “एकेक करून.”

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मग पहिलं हलवलं. मग दुसरं.

“काय वाटतंय?”

“पहिलं गोड आहे. दुसरं जरा... घोगरं?”

“माझ्याकडं तोंड करून सांगा, बाई.”

मॅडमनी मान वर केली आणि परत सांगितलं. काकूंनी त्यांचे ओठ बघितले आणि मान डोलावली.

“आसंल. तुम्हांस्नी कळलं.” त्यांनी ती दोन्ही घुंगरं उचलली, नेहमीसारखी उजव्या कानाशी धरली, मान कलती केली आणि हलवली. अख्ख्या खोलीला ती ऐकू गेली. “ह्यो बोलतोय का त्यो, मला म्हाईत न्हाई. तीन वर्सं झाली. ह्या तीन वर्सांत मी हजारांनी घुंगरं पारखली, आणि त्यातलं एक बी खराब घुंगरू कुणाच्या पायात गेलं न्हाई. बाहुबली, शनवारी तुझ्या भट्टीवर डबा येतोय न्हवं? ही पदराखाली धरून न्हेती, मी खिडकीतनं बघत असते. त्यो डबा माझा हाय.”

बाहुबलीच्या हातातला अर्ज खाली आला. तो माझ्याकडं बघत होता, आणि मला कुठं बघावं कळत नव्हतं.

“ही शालन,” काकू म्हणाल्या, आणि त्यांचा हात माझ्या खांद्यावर पडला. “माझ्याशी बोलताना उजेडाकडं तोंड करून बसती. तिला वाटतंय म्हातारीला कळत न्हाई. तिच्या पिशवीत समदं हाय लिवलेलं, दिवसावारी, पण ती काढायची न्हाई. मला लाज वाटल म्हणून. मलाच वाटत हुती लाज, म्हणून मी बी गप. पण एक कान वर्सभर निकामी पायजे म्हंता न्हवं तुम्ही? ह्यो घ्या.” त्यांनी घुंगरं टेबलावर ठेवली आणि रिकामा हात आपल्या कानावर ठेवला. “माझ्या वाटचं ही चाळीस घरं ऐकत्यात, बाई. मला ऐकू येत न्हाई.”